अर्ज कुणाच्या दारात टाकायचा?

(नाशिकला झालेल्या कार्यकर्ता शिबिरातलं भाषण. बोललं तसंच ठेवलं आहे, थोडी काटछाट केली आहे.)



मला विषय दिला आहे ‘राज्यघटना आणि सरकारची रचना’. सकाळी फळ्यावर विषय लिहिला तेव्हा पुढं बसलेल्या एका मावशींनी विचारलं, “पोरी, याच्यानं प्लॉट नावावर होईल का?” मी म्हटलं, मावशी, नुसत्या भाषणानं नाही होणार. पण चुकीच्या दारात हेलपाटे घालण्यात आपली मजुरी जाते, एसटीचं भाडं जातं, ते तरी वाचेल. आज मी तेवढंच सांगणार आहे. आपल्या जमिनीचं कोणतं काम कुणाच्या हातात आहे, आणि ते तसं का आहे.

बारावीला मला राज्यशास्त्र होतं. ‘शासनाची तीन अंगे स्पष्ट करा’ असा प्रश्न असायचा. मी पाठ करून लिहिलं होतं. कायदेमंडळ कायदा करतं, कार्यकारी मंडळ तो राबवतं, न्यायमंडळ निवाडा करतं. मार्क पण चांगले पडले. त्याचा अर्थ कळला तो बाबांच्या दाव्यामागे फिरताना.

आमचा प्लॉट दोन एकराच्या आसपास. वरच्या अंगाला नागली आणि वरई, खाली ओहोळाच्या कडेला भात. आज्यापासून आम्ही तो कसतो. फॉरेस्टवाले दंड करायचे आणि पावती द्यायचे. आजी त्या पावत्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवायची. तेव्हा त्यांची लाज वाटायची, आज तोच आमचा पुरावा आहे. ग्रामसभेनं ठराव केला, मोजणी झाली, म्हाताऱ्या माणसांचे जबाब जोडले. दोन वर्षांनी एका ओळीचा कागद आला, ‘पुराव्याअभावी अमान्य’.

तो कागद घेऊन बाबा आणि मी निघालो. आवणीचे दिवस होते, घरची आवणी आईवर टाकून गेलो. पहिल्या ठिकाणी सांगितलं, ही जमीन फॉरेस्टची, आमच्या दप्तरात नाही. फॉरेस्टवाले म्हणाले, दाव्याचं काम महसूलकडे. तिथं म्हणाले, आम्ही वर पाठवलं, वरच्या समितीनं ठरवलं. आणि वर गेलो तर साहेब म्हणाले, “कायदा दिल्लीचा आहे, आमच्या हातात काय आहे?” संध्याकाळी स्टँडवर बसून बाबा म्हणाले, “सगळ्यांच्या हातात थोडं थोडं आहे, आणि आपल्या हातात हा कागद.”

बाबा शाळेत गेले नाहीत. पण संघराज्य म्हणजे काय ते त्यांनी स्टँडवर बसून बरोबर सांगितलं. सगळ्यांच्या हातात थोडं थोडं. घटनेनं मुद्दामच तसं केलं आहे. सगळी सत्ता एका हातात गेली तर तो हात दाबतो, म्हणून वाटून दिली. पण वाटून दिल्यामुळं प्रत्येकजण दुसऱ्याकडं बोट दाखवू शकतो. म्हणून वाटणी कशी केली आहे हे आपल्याला पाठ पाहिजे.

शेताला आपण बांध घालतो तसे घटनेनं सत्तेला दोन प्रकारचे बांध घातले आहेत. एक उभा बांध. दिल्ली, मुंबई आणि गाव. दुसरा आडवा बांध. कायदा करणारे, राबवणारे आणि न्याय देणारे. हा आडवा बांध दिल्लीतही आहे आणि मुंबईतही आहे. दिल्लीत संसद, केंद्र सरकार, सुप्रीम कोर्ट. मुंबईत विधिमंडळ, राज्य सरकार, हायकोर्ट.

आधी उभा बांध बघू. घटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत. संघसूचीतले विषय दिल्लीचे. सैन्य, रेल्वे, नोटा, राष्ट्रीय महामार्ग. राज्यसूचीतले विषय मुंबईचे. पोलीस, शेती, पाणी आणि जमीन. सातबारा, कूळकायदा, तलाठी, हे सगळं राज्याचं. तिसरी समवर्ती सूची. तिच्यातल्या विषयावर दोघंही कायदा करू शकतात, पण दोघांच्या कायद्यात भांडण लागलं तर बहुतेक वेळा दिल्लीचा कायदा वर राहतो. आणि कोणत्याच यादीत नाही असा नवा विषय निघाला तर तो दिल्लीचा.

आता नीट ऐका, कारण आपल्या प्लॉटचं घोडं इथं अडलं आहे. घटना लागू झाली तेव्हा जमीनही राज्यसूचीत होती आणि जंगलही राज्यसूचीत होतं. १९७६ साली, आणीबाणीत, ४२वी घटनादुरुस्ती झाली. तिच्यात जंगल राज्यसूचीतून काढून समवर्ती सूचीत टाकलं. जमीन मुंबईकडंच राहिली. म्हणजे आपल्या पायाखालच्या एकाच तुकड्याला जमीन म्हटलं तर मालक एक, आणि जंगल म्हटलं तर मालक दोन.

पाड्यावर कुणाला विचारून हे झालं नाही. पण परिणाम पाड्यावर झाला. १९७८ साली महाराष्ट्र सरकारनं निर्णय काढला की १९७२ ते १९७८ या काळात वनजमिनीवर जी शेती चालू होती ती कसणाऱ्याच्या नावावर करायची. कागदावर चांगला निर्णय होता. अंमलबजावणी रेंगाळली. तेवढ्यात १९८० साली संसदेनं वनसंवर्धन कायदा केला. केंद्राच्या परवानगीशिवाय राज्यानं वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची नाही, असा तो कायदा. झालं. मुंबई म्हणू लागली, आम्ही देतो पण दिल्ली अडवते. दिल्ली म्हणायची, राज्यानं यादीच नीट पाठवली नाही. या दोघांच्या बोलाचालीत आपल्या आज्यांचं आयुष्य गेलं. ज्यांना ‘अतिक्रमणदार’ म्हटलं ते जागचे हललेही नव्हते, वरती यादी बदलली होती.

आता आडवा बांध. तिन्ही अंगांनी आपल्या बाबतीत काय काय केलं ते क्रमानं सांगते, म्हणजे पाठ करायची गरज पडणार नाही.

आधी न्यायमंडळ. महाराष्ट्रातल्या आदिवासींचे दावे सरकारी कागद नाही म्हणून फेटाळले जात होते. प्रदीप प्रभू विरुद्ध महाराष्ट्र शासन हा खटला सुप्रीम कोर्टात गेला. १९९१ साली कोर्टानं सांगितलं, दाव्यांची चौकशी करा आणि फक्त कागद मागू नका, दुसरे पुरावेही घ्या. आज म्हाताऱ्यांचा जबाब पुरावा म्हणून चालतो, त्याची सुरुवात अशा भांडणातून झाली.

मग कार्यकारी मंडळ. मे २००२ मध्ये केंद्राच्या पर्यावरण व वन मंत्रालयानं सगळ्या राज्यांना पत्र पाठवलं की वनजमिनीवरची अतिक्रमणं काढा. संसदेनं नवा कायदा केला नव्हता, एका मंत्रालयाचं पत्र होतं. तेवढ्यावर देशभर घरं पाडली, उभी पिकं तुडवली. कायदा आणि पत्र यातला फरक ज्यांना माहीत नव्हता ते घाबरून गप्प बसले. ज्यांना माहीत होता ते भांडले.

त्या भांडणातून कायदेमंडळ हललं. डिसेंबर २००६ मध्ये संसदेनं वनहक्क कायदा केला. त्याच्या सुरुवातीलाच ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याचं संसदेनं कबूल केलं. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आदिवासी जी वनजमीन कसतो ती, चार हेक्टरपर्यंत, त्याच्या हक्काची. हक्कपत्र नवरा-बायको दोघांच्या नावानं. विकता येत नाही, पण वारसाला जातं. आणि दाव्याची तपासणी पूर्ण होईपर्यंत कुणाला उठवता येत नाही.

म्हणजे कायदा दिल्लीचा, हे साहेबांनी खरं सांगितलं होतं. अर्धंच सांगितलं. कायदा दिल्लीचा असला तरी तो राबवायचा राज्यानं. दाव्याची सुरुवात ग्रामसभेत, मग प्रांतसाहेबांची उपविभागीय समिती, मग कलेक्टरची जिल्हा समिती. ही सगळी यंत्रणा मुंबईच्या हाताखालची. म्हणूनच मार्च २०१८ मध्ये हजारो लोक इथून, नाशिकच्या सीबीएस चौकातून, चालत निघाले ते मुंबईला गेले. आपल्यातले किती जण होते! पायाला फोड आले, डांबराला चपला चिकटल्या. दिल्लीला नेला असता तो मोर्चा तर दिल्लीनं सांगितलं असतं, आम्ही कायदा दिला आहे, तुमच्या सरकारला विचारा. मुंबईत सरकारला लेखी द्यावं लागलं की सहा महिन्यांत दाव्यांचा निकाल लावू. तसा निकाल लागला नाही, हे या मंडपातल्या अमान्य कागदांवरून दिसतंच आहे. पण दार बरोबर होतं. लेखी कबुली त्याच दारात मिळाली.

आता कुणी म्हणेल, जिल्हा समितीचा निर्णय शेवटचा असतो, मग पुढं कुठं जायचं? मूळ कायद्यात तसंच लिहिलं आहे. इथं पाचवी अनुसूची कामाला येते.

घटनेत कलम २४४ आहे. त्याच्याखाली पाचवी आणि सहावी अनुसूची आहे. सहावी ईशान्येकडच्या आसाम, मेघालय, त्रिपुरा, मिझोरामसाठी. तिथं स्वायत्त जिल्हा परिषदा आहेत, जमीन आणि जंगलाचे काही कायदे त्या स्वतः करू शकतात. आपल्याला पाचवी लागू आहे. नाशिक जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, कळवण हे तालुके, आणि दिंडोरी, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, नाशिक, बागलाण इथली गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तुमचं गाव यादीत आहे की नाही हे प्रत्येकानं घरी जाऊन आधी बघायचं.

पाचव्या अनुसूचीत आपल्याला परिषद नाही, राज्यपाल आहे. राज्यपाल हा राष्ट्रपतीनं नेमलेला, मुंबईत बसणारा. त्याला मोठा अधिकार आहे. संसदेचा किंवा विधानसभेचा कोणताही कायदा अनुसूचित क्षेत्रात लागू करायचा नाही, किंवा बदल करून लागू करायचा, असं तो अधिसूचना काढून ठरवू शकतो. आदिवासींच्या जमिनीच्या व्यवहारावर बंदी घालणारे नियम करू शकतो. अनुसूचित क्षेत्राचा कारभार कसा चालला याचा अहवाल त्यानं दरवर्षी राष्ट्रपतीला द्यायचा असतो. सोबत आदिवासी सल्लागार परिषद असते, तिच्यात तीन चतुर्थांश आपले आदिवासी आमदार.

बरीच वर्षं हा अधिकार पुस्तकातच झोपलेला होता. मे २०२० मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपालांनी तो वापरला. वनहक्क कायद्यात अनुसूचित क्षेत्रापुरता बदल केला की जिल्हा समितीनं दावा फेटाळला तर विभागीय आयुक्तांच्या समितीकडं अपील करता येईल. म्हणजे संसदेचा कायदा, आणि तो आपल्या गावांसाठी बदलला राज्यपालांनी. बारावीच्या पुस्तकात मी वाचलं होतं की कायदा कायदेमंडळ करतं. अनुसूचित क्षेत्रात त्या वाक्याला एक खिडकी आहे, ती आपण उघडायला लावली पाहिजे.

आपले आयुक्त नाशिक रोडला बसतात. आदिवासी विकास आयुक्तालय सुद्धा नाशिकमध्येच आहे. द्राक्षाच्या कामाला आपण ज्या रस्त्यानं जातो त्याच रस्त्यावर हे शहर आहे. पण मजुरीला जाताना रस्ता दिसतो, हक्काला जाताना दिसत नाही.

आता शेवटचं दार. खरं म्हणजे पहिलं. ग्रामसभा.

१९९२ साली ७३वी घटनादुरुस्ती होऊन पंचायतीला घटनेत जागा मिळाली. पण ती अनुसूचित क्षेत्राला आपोआप लागू नव्हती. त्यासाठी २४ डिसेंबर १९९६ ला पेसा कायदा झाला. महाराष्ट्रानं त्याचे नियम केले २०१४ साली. मधली सतरा वर्षं कुठं गेली ते मुंबईला विचारा. पेसात गावाची व्याख्या आपली आहे. पाडा, वस्ती, जिथं लोक एकत्र राहून आपला कारभार आपल्या रीतीनं चालवतात ते गाव. जमीन घेण्याआधी ग्रामसभेचा सल्ला घ्यावा लागतो. आदिवासीची गेलेली जमीन परत मिळवून देण्याचा अधिकार ग्रामसभेला किंवा पंचायतीला द्या, असं त्यात लिहिलं आहे.

याचं वजन किती, ते ओडिशाच्या नियमगिरीवरून बघा. डोंगरिया कोंध लोकांच्या डोंगरात बॉक्साइटची खाण करायची होती. एप्रिल २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, ग्रामसभांना विचारा. बारा ग्रामसभा बसल्या. बाराही नाही म्हणाल्या. पुढं केंद्रानं खाणीला परवानगी नाकारली. बारा पाड्यांच्या सह्या-अंगठ्यांपुढं मोठी कंपनी थांबली.

मी खोटी आशा देणार नाही. घटनेत लिहिलं म्हणून मिळतं असं नसतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंच आदेश दिला होता की ज्यांचे दावे फेटाळले त्यांना वनजमिनीवरून काढा. तेरा तारखेचा आदेश, आणि देशभर ओरड झाल्यावर अठ्ठावीस तारखेला तो थांबवला. ते पंधरा दिवस आमच्या घरी कुणाला धड झोप लागली नाही. आई म्हणायची, पाऊस पडला की पेरायचं का नाही? तेव्हा कोर्टानं राज्यांना विचारलं, तुम्ही दावे फेटाळताना नियम पाळले होते का? तो प्रश्न आपण आपल्या कागदावर आधी विचारायला पाहिजे. ‘पुराव्याअभावी अमान्य’ एवढी एक ओळ म्हणजे कारण नाही. नियम सांगतो की दावेदाराला बाजू मांडायची संधी द्या, ग्रामसभेनं मान्य केलेला दावा फेटाळायचा तर सविस्तर कारणं लिहा, ठराव अपुरा वाटला तर ग्रामसभेकडं परत पाठवा, ठराविक एकच कागद पाहिजे असा हट्ट धरू नका.

म्हणून घरी जाताना एवढं लक्षात ठेवून जा.

जमीन गावठाणाची, सातबाऱ्याची, बिगर आदिवासीनं बळकावलेली असेल तर दार महसूलचं. तलाठी, तहसीलदार, कलेक्टर. १९७४ साली आपल्या विधिमंडळानं आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा केला आहे, आणि सुप्रीम कोर्टानंही तो वैध ठरवला आहे.

वनजमिनीचा दावा असेल तर पहिलं दार ग्रामसभा. मग प्रांत, मग कलेक्टर, मग आयुक्त. फॉरेस्टचा माणूस समितीत असतो, तो आपलं म्हणणं मांडेल. पण तो एकटा दावा फेटाळू शकत नाही.

कायदाच बदलायचा असेल तर दार खासदाराचं. अंमलबजावणी होत नसेल तर आमदाराचं. कळवण, दिंडोरी, इगतपुरी, बागलाण हे आपले चार राखीव मतदारसंघ आहेत. त्यांनी विधानसभेत प्रश्न विचारला का, सल्लागार परिषदेत तोंड उघडलं का, हे मतं मागायला आले की विचारायचं.

सगळ्यांनी हात वर केले तर कोर्ट. अनुसूचित जमातीच्या माणसाला सरकारी खर्चानं वकील मिळतो, मिळकत कितीही असो. जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथं अर्ज करायचा.

आणि कुठंही गेलात तरी तोंडी ऐकून परत यायचं नाही. “आमच्या हातात नाही” असं म्हणाले की म्हणायचं, साहेब, हेच लिहून द्या, आणि कुणाच्या हातात आहे तेही लिहा. अर्जाची पोच घ्यायची, शिक्का आणि तारीख बघायची. लिहून द्यायची वेळ आली की पुष्कळ गोष्टी हातात येतात, हे मी डोळ्यानं पाहिलं आहे.

बाबांच्या दाव्याचं काय झालं? मावशी मगापासून माझ्याकडं बघताहेत. माहिती अधिकारात आम्ही फाईलची नक्कल काढली. तिच्यात ग्रामसभेचा ठराव होता, मोजणीचा नकाशा होता. दंडाच्या पावत्यांची नक्कल नव्हती. ती कुठं गळाली ते फाईल सांगत नाही. आम्ही मूळ पावत्या घेऊन अपील केलं आहे. सुनावणीची तारीख लागायची आहे. यंदाही तिथं नागली लावली.

डबा आता आजीकडून माझ्याकडं आला आहे. त्यात दंडाच्या पावत्या आहेत, ठरावाची नक्कल आहे, आणि वर अपिलाची पोच ठेवली आहे. प्रत्येक घरात असा एक डबा पाहिजे. तो घेऊन दुपारच्या सत्रात बसा, एकेक कागद बघू आणि कुणाचा अर्ज कोणत्या दारात जायचा ते आजच ठरवू.

जोहार. जिंदाबाद.